क्रौंच पाहायचे तर तीन रात्री एकाच दरीत

प्रश्न : मी 63 वर्षांचा. चादर कारखान्यात तीस वर्षं हिशेबनीस होतो. निवृत्तीनंतर शेजाऱ्यांच्या संगतीने पहाटे हिप्परगा तलावावर जायला लागलो आणि पक्ष्यांचं वेड लागलं. मागच्या हिवाळ्यात करकोच्यांचा थवा ओरडत डोक्यावरून गेला. तेव्हापासून मनात आहे, एकदा परदेशात जाऊन क्रौंच पाहायचे. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, खर्च तो करतो म्हणतो. दिवाळी उरकली की नोव्हेंबरात निघायचं. त्याने भूतानचं सात दिवसांत सहा ठिकाणांचं पॅकेज पाठवलंय. मित्र म्हणतात जपानला जा, कुणी केनिया म्हणतं. मोठ्या लेन्सचा कॅमेराही घेऊन देतो म्हणतोय. बायकोला पक्ष्यांची आवड नाही. तिचं माहेर विणकरांचं, कापड दिसलं की हात लावल्याशिवाय राहत नाही. तिचे गुडघे दुखतात, मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. पासपोर्ट 2017 साली सिंगापूरला जाताना काढलेले आहेत. कुठे जावं, किती दिवस, तयारी काय करावी? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

तुमचं पत्र आषाढीच्या गडबडीत आलं. सवडीने लिहायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं, पण करकोच्यांची ती ओळ काही डोक्यातून जाईना. तो आवाज एकदा मान वर करून ऐकला की माणूस क्रौंचांमागे कुठवर जायला तयार होतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. भूतानलाच जा. मुलाने पाठवलेलं पॅकेज मात्र घेऊ नका. सहा ठिकाणांची चार करा, दिवस दोन-तीन वाढवा आणि त्यातल्या तीन रात्री फोबजिखा नावाच्या एकाच दरीत काढा.

भूतान का, तर तुमच्या करकोच्यांमुळेच. करकोचा ही क्रौंचाचीच एक जात. ते मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ माळांवर वाढतात आणि आश्विनाच्या सुमाराला हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतात. त्यांचा एक भाऊबंद आहे, काळ्या मानेचा क्रौंच. तो तिबेटच्या पठारावर वाढतो, थंडी वाढली की खाली सरकतो, पण आपल्या मैदानापर्यंत येत नाही. भूतानसारख्या ठिकाणच्या उंच दऱ्यांत हिवाळा काढतो. जगात क्रौंचांच्या 15 जाती आहेत, त्यांतली ही शास्त्रज्ञांना सगळ्यांत शेवटी कळलेली, 1876 साली. फोबजिखाची दरी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2900 मीटरवर आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिले थवे येतात, नोव्हेंबरभर संख्या वाढत जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते तिथेच असतात. म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा तुम्हाला अगदी नेमका पडतो. पाऊस संपलेला असतो, आभाळ निवळलेलं असतं आणि डिसेंबर-जानेवारीची हाडं गोठवणारी थंडी अजून यायची असते.

मित्रांचं जपानही चुकीचं नाही. तिथे क्यूशू बेटावर इझुमी गावाच्या शेतांत हिवाळ्यात दहा हजारांहून जास्त क्रौंच उतरतात. तो देखावा जन्मात एकदा पाहावा असाच आहे. पण व्हिसा, लांबचा विमानप्रवास, भाषेची अडचण आणि शाकाहाराची शोधाशोध, एवढं सगळं पहिल्याच पक्षीसहलीत अंगावर घेऊ नका. केनियात नोव्हेंबर म्हणजे तिथल्या छोट्या पावसाळ्याचे दिवस. श्रीलंकेतल्या जंगलातही तेव्हा पाऊस आणि जळवा असतात, तिकडे जानेवारीनंतर जावं. थायलंडच्या मिठागरांवर चमच्या चोचीचा छोटा पाणटिवळा याच दिवसांत येतो, पण शेकडो सारख्या दिसणाऱ्या पाणपक्ष्यांतून तो एक वेचून काढायला नजर फार तयार लागते. ते पुढे कधीतरी.

आता पॅकेजबद्दल, कारण खरी चूक तिथेच होते. तुम्ही पाठवलेल्या कागदावर चौथ्या दिवशी लिहिलंय, ‘पुनाखाहून फोबजिखा दर्शन, दुपारचं जेवण, संध्याकाळी परत’. पुनाखाहून दरीत पोचायला घाटाने अडीच-तीन तास लागतात. म्हणजे तुम्ही बाराच्या सुमाराला पोचाल आणि तीनला निघाल. क्रौंचांचा दिवस याच्या अगदी उलट चालतो. रात्री ते दरीच्या मध्यावर दलदलीतल्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचायला तीच जागा बरी. सकाळी उजाडलं की तिथून उठून चरायला पांगतात आणि दिवस मावळताना पुन्हा तिथेच उतरतात. भर दुपारी ते बटाट्याच्या काढून झालेल्या शेतांत, बुटक्या बांबूच्या गवतात लांब लांब विखुरलेले असतात. तेव्हा जाणाऱ्याला करडे ठिपके दिसतात. क्रौंच पाहायला दोन हजार किलोमीटर जायचं आणि ते जिथे, ज्या वेळी पाहायचे ती वेळ सोडून जायचं, असा तो बेत आहे.

हे मी स्वतः भोगलंय. पहिल्यांदा गेले ती एका सहल कंपनीच्या बसमधून. दुपारी दोन तास दरीत होतो, त्यातला एक जेवणात गेला. साडेतीनला बस घाट चढायला लागली आणि मागच्या काचेतून मला पहिला थवा दरीत उतरताना दिसला. चालकाला थांबा म्हणाले. त्याला अंधाराच्या आत पुनाखा गाठायचं होतं, त्याचंही बरोबर होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वेळी तीन रात्री राहिले. पहिल्या संध्याकाळी साडेचारलाच दलदलीच्या काठच्या पायवाटेवर जाऊन उभी राहिले. घड्याळ आपल्याहून अर्धा तास पुढे, तरी तिथल्या पाचलाच सूर्य डोंगराआड गेलेला असतो आणि ऊन गेलं की थंडी अक्षरशः पायातून वर चढते. आधी काहीच दिसत नाही, फक्त आवाज येतो, कुणीतरी लांबून तुतारी फुंकावी तसा. मग बाजूच्या घळीतून तीन-चार, सात-आठ असे ते ओळीने येतात. उतरताना पंख आवरून न घेता छत्रीसारखे धरतात, लांब काळे पाय आधीच खाली सोडलेले असतात. पाण्याला पाय लागताच दोन पावलं धावतात आणि एकदम स्थिर होतात. मी दुर्बीण एका कुटुंबावर धरून ठेवली होती : दोन मोठे, काळी मान, डोक्यावर लाल टिकली, आणि मध्ये एक त्याच वर्षीचं पिल्लू, उंचीने आईबापाएवढंच पण डोकं-मान अजून तांबूस मातकट. दोघं पाण्यात चोच घालत होते आणि पिल्लू झोप आल्यासारखं एका पायावर उभं. अंधारून येईपर्यंत ते तिघं एकमेकांपासून हातभरापलीकडे गेले नाहीत. हे पाहायला एक संध्याकाळ पुरत नाही. पहिल्या दिवशी डोळे नुसते थवाच पाहतात. दुसऱ्या दिवशी कुटुंबं वेगळी काढता येतात. तिसऱ्या दिवशी कुठलं कुटुंब कुठल्या बाजूने येणार हेही कळायला लागतं.

म्हणून फोबजिखाला तीन रात्री.

बाकीचा प्रवास त्याभोवती बसवा. सोलापूरहून रेल्वेने हैदराबाद, मुलाकडे एक रात्र. तिथून विमानाने बागडोगरा, पुढे गाडीने चार-एक तासांत सीमेवरचं जयगाव. रात्र आपल्याच हद्दीत काढा. पलीकडे फुंतशोलिंगच्या कचेरीत परवान्याचं काम सकाळी ताजेपणाने करा आणि तो दिवस सुट्टीचा नाही ना हे आधी पाहा. मग थिम्फूत एक रात्र, पुनाखात दोन, फोबजिखात तीन, परतीला पारोत दोन. भूतानात आठ रात्री होतात. पारोहून थेट विमानही मिळतं, पण ती विमानं मोजकीच आणि महाग. गुडघे ठणकत असतील तर जाताना रस्त्याने आणि येताना पारोहून विमानाने, असा खर्च करायला हरकत नाही.

या क्रमाला कारण आहे. आपलं सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर. थिम्फू 2300 च्या आसपास, पुनाखा परत खाली 1200-1300 वर, मग फोबजिखा. शरीराला चढ-उताराची सवय होत जाते. पारोजवळचा चेले ला हा घाटमाथा जवळजवळ 4000 मीटरवर आहे, मोनालसारखे रंगीत रानकोंबडे तिकडे दिसतात आणि प्रत्येक गाइड तिथे न्यायला उत्सुक असतो. तुमचा रक्तदाब पाहता तो बेत शेवटच्या दोन दिवसांतच ठेवा आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. जाण्याआधी महिनाभर डॉक्टरांना प्रवासाची उंची आकड्यांत सांगा, नुसतं ‘डोंगरात जातोय’ असं सांगू नका. उंचीवर घ्यायच्या गोळ्यांचा निर्णय त्यांचा, दुकानदाराचा किंवा सहप्रवाशाचा नाही. रोजची औषधं आठ दिवस जास्तीची घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही.

वाटेत काय दिसेल ते थोडं सांगते. थिम्फूजवळ बाबेसाला सांडपाणी शुद्धीकरणाचे तलाव आहेत. नाव ऐकून मागे सरू नका. पक्षी पाहणारा प्रत्येक माणूस तिथे थांबतो. तिथे किंवा पारोच्या नदीपात्रात आयबिसबिल दिसतो. मी पाऊण तास गोटे बघत बसले होते, करडे, राखी, सगळे सारखे. मग त्यातला एक गोटा चालायला लागला. लाल, खाली वळलेली चोच त्याने दगडाखाली खुपसली तेव्हा कुठे तो पक्षी आहे हे पटलं. पुनाखात मो छू आणि फो छू या दोन नद्या एकत्र येतात, तिथल्या वाळूवर तुम्हाला ओळखीचं कुणीतरी भेटेल : चक्रवाक. तेच भगवे, आपल्या हिप्परग्यावर हिवाळ्यात जोडीने बसतात ते. परक्या मुलखात पहिल्या फटक्यात नाव सांगता येईल असा पक्षी समोर आला की फार धीर येतो. आपल्याकडे बांधावर शेपूट थरथरवत बसणारा थिरथिरा तुम्ही पाहिला असेलच. त्याचे डोंगरातले भाऊ तिथे प्रत्येक धबधब्याच्या दगडावर आहेत, एकाला तर डोक्यावर स्वच्छ पांढरी टोपी. आणि याच नद्यांच्या काठी पांढऱ्या पोटाचा मोठा बगळा आहे. जगात त्याचे नोंदलेले पक्षी साठाच्याही आत उरलेत. दिसला तर भाग्य समजा. लांबूनच पाहा, गाडीतून उतरू नका आणि गाइडलाही जवळ जाऊ देऊ नका.

खर्चाचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल. तरी एक बाब बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. भूतान सरकार प्रत्येक पाहुण्याकडून दर रात्रीचा शाश्वत विकास शुल्क म्हणून कर घेतं. भारतीयांना मूळ दर माणशी 1200 रुपये रात्र. दोघांच्या आठ रात्रींचे 19,200 झाले. त्यावर आणखी कर लागतो का आणि दर बदललाय का हे निघण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर राहू नका. एजंटच्या एकूण रकमेत हा कर धरलाय की नाही, हे लेखी विचारा. बाकीचे भाग गाडी-चालक, गाइड, मुक्काम आणि विमान. यांतल्या मुक्कामात काटकसर करा, गाइडमध्ये करू नका. तिथलं नाणं आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे आणि रुपया दुकानांत चालतो. शंभराच्या नोटा जास्त ठेवा.

गाइड हा या सगळ्या सहलीचा कणा. थिम्फू-पारो सोडून पुढे जायला परवानाधारक गाइड तसाही लागतोच. पण मठ-मंदिरं दाखवणारा गाइड वेगळा आणि पक्ष्यांचा वेगळा, पैसे भरण्याआधी पक्ष्यांचा हवा असं स्पष्ट सांगा. फोनवर त्याच्याशी स्वतः बोला. सकाळी किती वाजता निघतोस, हा पहिला प्रश्न. नाश्त्यानंतर म्हणाला तर दुसरा गाइड शोधा. स्टँडवर लावायची मोठी दुर्बीण आणतोस का, हा दुसरा. तिसरा प्रश्न असा विचारा की नोव्हेंबरात फोबजिखाच्या रस्त्यावर मागच्या वर्षी काय काय दिसलं. खरा पक्षीवाला या प्रश्नावर अर्धा तास बोलेल. पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नकोस, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. थंडीत पोट भरायच्या घाईत असलेल्या जिवाला आपल्या फोटोसाठी खोटा शत्रू दाखवणं मला पटत नाही.

कॅमेऱ्याबद्दल मुलाला प्रेमाने नाही म्हणा. दोन-अडीच किलोची लेन्स गळ्यात घेऊन तुम्ही पक्षी पाहणार नाही, सेटिंग पाहत बसाल. त्या पैशात दोन चांगल्या दुर्बिणी घ्या, एक तुम्हाला, एक वहिनींना. आकडा 8×42. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट घ्यावी असं दुकानदार सांगेल, पण साठीनंतर हात थोडा हलतो आणि दहापटीत तो हलणाराच पक्षी दिसतो. 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. क्रौंच येतात ते संधिप्रकाशात, तेव्हा हाच झोत कामाला येतो. चष्मा वापरत असाल तर डोळ्यापाशी फिरणारी रबरी कडी खाली दाबून ठेवायची आणि घेताना चष्मा घालूनच पूर्ण गोल दिसतोय ना हे पाहायचं.

एक गोष्ट दुकानात कुणी करून दाखवत नाही. दुर्बीण हातात घेतल्यावर उजवा डोळा मिटा आणि मधलं चाक फिरवून लांबच्या पाटीवरची अक्षरं डाव्या डोळ्याने स्पष्ट करा. मग डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची छोटी कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याने स्पष्ट करा. त्या कडीची खूण लक्षात ठेवा, ती तुमच्या डोळ्यांची जोडी. माझ्याकडे एक गृहस्थ दुर्बीण खराब निघाली म्हणून घेऊन आले होते, दोन वर्षं धूसर बघत होते. खराब काहीच नव्हतं, ही कडी कधी फिरवलीच नव्हती.

तिथे खोलीत लाकडाची शेगडी पेटलेली असते, बुखारी म्हणतात. बाहेरच्या थंडीतून आत आल्याबरोबर दुर्बीण उघडी ठेवलीत तर भिंगांवर दव धरतं. पिशवीची चेन लावून तासभर तशीच राहू द्या.

कपड्यांत आपल्या सोलापूरकरांची एक चूक ठरलेली. आपला भरवसा सुतावर. सुती गंजीफ्रॉक, सुती शर्ट आणि वर जाड चादर. तिकडे सूत घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि संध्याकाळी अंगावर बर्फ ठेवल्यासारखं होतं. अंगालगत लोकरीचा किंवा थर्मलचा पातळ थर, मधे स्वेटर, वरून वारा अडवणारं जाकीट. फोबजिखात नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री पारा शून्याखाली जातो. कानटोपी आणि दोन जोड लोकरी मोजे विसरू नका. वरचे कपडे मातकट, करडे घ्या, लाल-पांढरे नकोत. खाण्याचं फारसं संकट नाही. मिरची आणि चीजचं एमा दात्शी तिथे रोजच असतं आणि तिखटाला आपण घाबरणारे नाही. पण पहाटे पाचला निघायचं तर सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या. आठ दिवस टिकते, भूकही भागते.

वहिनींच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय, त्यांना आवड नाही. त्यांना पहाटे पाचला ओढून नेऊ नका एवढीच विनंती. विणकरांच्या घरची लेक भूतानात कंटाळणार नाही. तिथल्या बायका घरी कमरपट्ट्याच्या मागावर विणतात. ताण्याचं एक टोक भिंतीला, दुसरं विणकरीच्याच कमरेला, ताण कमी-जास्त करायचा तो पाठीने. किशुथारा नावाचं रेशमी कापड पाहिलंत तर नक्षी भरतकामाची वाटेल. ती भरतकाम नसते, जादा बाणा घालून मागावरच काढलेली असते. याचा अर्थ वहिनींना माझ्यापेक्षा जास्त कळेल. थिम्फूतलं वस्त्रसंग्रहालय त्यांच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा आणि त्या दिवशी तुम्ही घाई करू नका.

गुडघ्यांचं म्हणाल तर पारोतल्या तक्त्सांग मठाची चढण सोडून द्या. लोक आग्रह करतील. वर जायलाच दोन-अडीच तास आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड. खालून तो कड्याला चिकटलेला मठ दिसतो, तेवढं पुरे. फोबजिखात गांगते मठाजवळून दरीत उतरणारी वाट सुंदर आहे, ती तुम्ही एकट्याने गाइडबरोबर करा. वहिनींनी गाडीने खाली क्रौंच केंद्रात यावं. तिथे आत बसून काचेतून, मोठ्या दुर्बिणीतून दलदल दिसते. 11 नोव्हेंबरला गांगते मठाच्या अंगणात क्रौंचांचा उत्सव असतो, शाळेची पोरं क्रौंचांची सोंगं घेऊन नाचतात. तुमची तारीख दिवाळीनंतरची, त्यामुळे तो बहुधा हुकेल. त्याची हळहळ करू नका, गर्दी ओसरलेली दरी पक्ष्यांसाठी बरी. आणि एक सांगते, संध्याकाळी थवे उतरताना वहिनींना एकदा काठावर बोलवा. नंतर त्याच विचारतील, उद्या किती वाजता निघायचं.

त्या दरीत विजेचे खांब शोधाल तर दिसणार नाहीत. वीज आली ती जमिनीखालून केबल टाकून, उडणाऱ्या क्रौंचांना तारा आडव्या येऊ नयेत म्हणून. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला नान्नज आठवलं. आपल्या उशाशी माळढोकाचं अभयारण्य 1979 पासून आहे आणि आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. राजस्थान-गुजरातेत उरलेले माळढोक अजूनही विजेच्या तारांना धडकून मरतात. एका गरीब डोंगरी देशाने पाहुण्या पक्ष्यासाठी तारा पुरल्या. ते पाहून आलात की इथे परतल्यावर गप्प बसू नका, एवढं मला मनापासून वाटतं.

तयारी आत्तापासून करा, चार महिने हातात आहेत. तुळजापूर रस्त्याने हिप्परग्यावर जाताच आहात, तर नवीन दुर्बीण घेऊन आता तिथल्या मुक्कामी पक्ष्यांवर हात बसवा. शेकाट्याचे लाल पाय, टिटवीचा डोळा, खंड्याने मासा धरून फांदीवर आपटलेला. पक्षी आधी नुसत्या डोळ्याने धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला आणायची. सुरुवातीला दहांतून आठदा पक्षी हुकेल, दसऱ्यापर्यंत हुकायचा थांबेल. भोरड्या आल्या की उडत्या थव्याचा अंदाज घ्यायचा सराव करा : दहा मोजा, तेवढी जागा डोळ्यात धरा आणि ती थव्यावर किती वेळा बसते ते पाहा. हाच अंदाज फोबजिखात क्रौंच मोजायला लागेल. 5 ते 12 नोव्हेंबरला आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्यातला पहिला दिवस सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटचा सालिम अलींचा. त्या आठवड्यात गावातल्या पक्षीमित्रांबरोबर दोन सकाळी काढा. नवखे आहात म्हणून कुणी हसणार नाही. पक्षी ओळखायच्या मर्लिन ॲपमधली त्या प्रदेशाची पक्षी-फाइल घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा, घाटात नेट नसतं. आणि तुम्ही दोघंही रोज संध्याकाळी अर्धा तास चाला, वहिनींनी सपाटीवर, तुम्ही जिने चढत.

राहिला पासपोर्ट. भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. त्यासाठी निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड चालत नाही, कितीही जणांनी चालतं म्हटलं तरी. 2017 सालचा पासपोर्ट दहा वर्षांचा, म्हणजे तुमची मुदत काठावर आहे. आज रात्री कपाटातून दोन्ही पासपोर्ट काढा आणि संपायची तारीख वाचा. सहा महिने भरत नसतील तर नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरा. मतदार ओळखपत्रावर जायचं असेल तर वहिनींच्या कार्डावर माहेरचं नाव आहे की सासरचं, तेही आजच पाहा. तिकिटावरचं नाव कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळायला लागतं.